दगडफुलातील दोन जीव

घरी गोडा मसाला करावयाचा असला म्हणजे आई धने, तीळ, खोबरे, लवंगा, दालचिनी यांच्या जोडीला दगडफूल नावाचा एक जिन्नस काढून घेते. तो वरून राखाडी, खालून काळा आणि कडेला कुरळा असतो. हातात घेतला तर वाळलेल्या कागदाच्या कपट्याइतका हलका लागतो. त्याला फूल म्हणतात खरे, पण ते फूल नव्हे. त्याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात फिरताना झाडांच्या सालींवर आणि काळ्या कातळावर राखी, पांढुरके, पिवळे असे जे ठिपके व झालरी दिसतात, त्यांच्याच कुळातले हे दगडफूल. शास्त्राच्या भाषेत या कुळाला शैवाक म्हणतात.

शाळेत शिकवीत असताना मी दगडफुलाचा एक तुकडा मुलांच्या हाती देऊन ही वनस्पती कोणत्या वर्गातली, असे विचारीत असे. कोणी शेवाळ म्हणे, कोणी बुरशी म्हणे, आणि वर्गात दोन तट पडून मोठा वाद माजे. गंमत अशी की, दोन्ही तट बरोबर असत आणि दोन्ही चूक असत. जी गोष्ट आज तुम्हांला एका तासात समजावून देता येते, ती उलगडण्यासाठी एका स्वित्झर्लंडच्या शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचावी लागली, आणि ती उलगडल्यावर त्याबद्दल उपहासही सोसावा लागला. त्याचे नाव सिमोन श्वेंडेनर.

सिमोनचा जन्म १० फेब्रुवारी १८२९ रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन प्रांतात बुख्स या गावी झाला. हे गाव ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात आहे. पाठीमागे आल्प्सचे डोंगर आणि पुढे नदीकाठची सपाट शेते. घर शेतकऱ्याचे. तथापि सिमोनचा ओढा पुस्तकांकडे होता. त्याने शिक्षकाचा पेशा पत्करला आणि तो लहान मुलांना शिकवू लागला. शिक्षकाच्या पगारात विद्यापीठाचे शिक्षण घेणे त्या काळी सोपे नव्हते. तरीही त्याने जिनीव्हा येथे अल्फोन्स द कांदोल या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली आणि पुढे झुरिकला जाऊन अभ्यास पुरा केला. १८५६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो डॉक्टर झाला. त्याच्या बरोबरीच्या अनेक विद्वानांनी ही पदवी याहून लहान वयात मिळविली होती. पण शाळेतील मुलांपुढे फळ्याजवळ उभे राहून ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला एखादी गोष्ट आपल्याला खरोखर समजली आहे की नाही, याची पारख चांगली येते. श्वेंडेनर यांच्या पुढील आयुष्यात ही पारख पदोपदी दिसते.

त्यांचे भाग्य असे की, त्यांना कार्ल नेगेली यांच्यासारखा गुरू लाभला. सूक्ष्मदर्शक यंत्रातून वनस्पतींची रचना पाहण्यात नेगेली यांचा हात धरणारे त्या काळी फार थोडे होते. नेगेली म्यूनिकला गेले, तेव्हा श्वेंडेनर त्यांचे साहाय्यक म्हणून त्यांच्याबरोबर गेले. दोघांनी मिळून सूक्ष्मदर्शकावर एक मोठा ग्रंथ लिहिला. काच कशी घासावी, प्रकाश कसा सोडावा, जे दिसते आहे ते खरोखर तेथे आहे की भिंगाने केलेला भास आहे, याची त्यात कसून चर्चा होती. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. याच नेगेली यांना १८६६ च्या अखेरीस ब्रून गावच्या एका मठातून पत्र आले होते. ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका धर्मोपदेशकाने वाटाण्यांवर केलेले प्रयोग त्यांना कळविले होते. आईबापांचे गुण मुलांत कोणत्या नियमांनी उतरतात, याचे उत्तर त्या प्रयोगांत दडलेले होते; पण नेगेली यांना त्याचे मोल उमगले नाही. त्याच सुमारास म्यूनिकमध्ये त्यांचा साहाय्यक दुसऱ्याच एका वंशावळीचा शोध घेत होता, ती म्हणजे शैवाकांतील हिरव्या दाण्यांची.

हे हिरवे दाणे म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. शैवाकाची अगदी पातळ चकती कापून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर प्रथम रंगहीन तंतूंची दाट वीण दिसते. कापसाचा पेळू विंचरून पसरावा, तशी. वरच्या सालीच्या खाली या तंतूंमध्ये हिरव्या किंवा निळसर हिरव्या गोल पेशींचा एक थर असतो. १८२५ साली वालरोथ नावाच्या जर्मन पंडिताने या पेशींना गोनिडिया असे नाव दिले. या दाण्यांपासूनच नवे शैवाक जन्मास येत असावे, अशी त्याची समजूत होती. पुढील पंडितांनी ठरविले की, झाडाच्या फांदीला जशी फळे लागतात, तसे तंतूंच्या टोकाला हे दाणे लागतात. तंतू ही आई आणि हिरवा दाणा हे तिचे मूल. दोन्ही एकाच वनस्पतीचे अवयव. कित्येक वर्षे या मताला कोणी हरकत घेतली नाही.

श्वेंडेनर यांनीही घेतली नाही. १८६० पासून त्यांनी शैवाकांच्या रचनेवर आपले मोठे निबंध प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एकेक जात घ्यावी, तिच्या चकत्या कापाव्यात, आकृत्या काढाव्यात, असे ते काम होते. त्या निबंधांत दाणे तंतूंपासूनच उत्पन्न होतात, हेच मत त्यांनी धरले होते. म्हणजे पुढे जे मत त्यांनी खोडून काढले, ते त्यांचे स्वतःचे छापील मत होते. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्याची चूक शोधण्यास तीक्ष्ण डोळे पुरतात. जगापुढे मांडून झालेल्या आपल्याच लेखावर काट मारण्यास आणखी काही तरी लागते.

संशय कोठून शिरला? पाहता पाहता अनेक बाजूंनी शिरला. तंतूपासून दाणा प्रत्यक्ष जन्मताना कोणी पाहिला आहे काय, असे त्यांनी स्वतःला विचारले, तेव्हा उत्तर नकारार्थी आले. तंतू आणि दाणा एकमेकांना चिकटलेले असतात, हे खरे. पण चिकटलेले असणे म्हणजे जन्म घेणे नव्हे. भिंतीवर चढलेला वेल भिंतीला घट्ट धरून असतो, म्हणून काही तो भिंतीतून उगवलेला नसतो. पुढे त्यांनी पेशींच्या भित्तिका तपासल्या. रसायने घातल्यावर तंतूंच्या भित्तिका बुरशीच्या भित्तिकांप्रमाणे वागत आणि दाण्यांच्या भित्तिका शेवाळाप्रमाणे. एकाच वनस्पतीच्या दोन अवयवांत एवढा फरक का असावा? शैवाकाची बीजुके, म्हणजे धुळीहूनही बारीक असे त्याचे प्रजननाचे कण, ओलाव्यावर ठेवली असता त्यांतून तंतू फुटत. हिरवा दाणा मात्र काही केल्या तयार होत नसे. शिवाय ही बीजुके ज्या वाटोळ्या बशांत किंवा कुप्यांत तयार होतात, त्यांची घडण काही बुरश्यांच्या फळांशी हुबेहूब जुळत होती.

आणि सर्वांत मोठी गोष्ट दाण्यांच्या रूपाची. शैवाकांत जे दाणे आढळतात, तसल्याच पेशी ओलसर भिंतींवर, झाडांच्या खोडांवर, डबक्यांच्या काठी मोकळ्या वाढताना दिसतात. त्यांना शेवाळ म्हणून सारे जग ओळखत होते आणि त्यांना स्वतंत्र नावेही होती. माळेसारखे मणी ओवलेले निळसर नॉस्टॉक घ्या, की नारिंगी रंगाचे ट्रेंटेपोहलिया घ्या; मोकळ्या शेवाळाच्या एकेका प्रकाराला शैवाकाच्या आत जोडीदार सापडू लागला. मग उलगडा एकच उरत होता. हे दाणे बुरशीचे मूल नव्हते. ते बाहेरून आलेले शेवाळ होते. शैवाक ही एक वनस्पती नव्हतीच. बुरशीच्या तंतूंनी शेवाळाभोवती बांधलेले ते घर होते.

१० सप्टेंबर १८६७ रोजी स्वित्झर्लंडमधील निसर्गाभ्यासकांची सभा राइनफेल्डन येथे भरली होती. तेथे श्वेंडेनर यांनी आपले नवे मत प्रथम मांडले. त्याच वर्षी ते बाझेल येथे प्राध्यापक झाले, आणि १८६९ साली त्यांनी कोणत्या शैवाकात कोणते शेवाळ असते, याचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी बुरशीला मालकाची व शेवाळाला त्याने पकडून आणलेल्या गुलामांची उपमा दिली होती. ही उपमा पुढे त्यांना बरीच महाग पडली.

असा विचार मनात आलेले ते एकटेच नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आंटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने आदल्याच वर्षी काही चिकट शैवाकांविषयी अशी शंका बोलून दाखविली होती. पण त्याने दोन पर्याय ठेवून निर्णय पुढे ढकलला. रशियात फामिन्त्सिन व बारानेत्स्की या दोघांनी १८६७ मध्ये शैवाकातील हिरवे दाणे बाहेर काढून ते स्वतंत्रपणे वाढविले. दाणे मोकळे जगू शकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु त्यावरून त्यांनी अनुमान काढले ते उलटे: मोकळे शेवाळ हीच शैवाकाची एक अवस्था असली पाहिजे! पुरावा तोच, निष्कर्ष मात्र दोन टोकांचे. असे शास्त्रात वारंवार घडते.

आता विरोधाला तोंड फुटले. शैवाकांच्या हजारो जातींना नावे देण्यात ज्यांनी जन्म घालविला होता, त्यांना आपले सारे राज्यच कोणी तरी बुरशी आणि शेवाळ यांच्यात वाटून टाकत आहे, असे वाटू लागले. त्यांत विल्यम न्युलांडर हे अग्रेसर होते. मूळचे फिनलंडचे हे गृहस्थ पॅरिसमध्ये राहत. शैवाकांचे एवढे ज्ञान त्या काळी क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. पॅरिस शहरात इतरत्र नाहीशी होत चाललेली शैवाके लक्झेंबर्ग उद्यानात मात्र टिकून आहेत, हे पाहून शैवाकांवरून हवेची शुद्धता ओळखता येते, हे १८६६ साली त्यांनीच दाखवून दिले. असा डोळस माणूस, पण श्वेंडेनर यांचे मत त्यांनी १८९९ मध्ये डोळे मिटेपर्यंत मान्य केले नाही. इंग्लंडमध्ये क्रॉम्बी नावाच्या धर्मोपदेशकाने १८७४ साली तर या सिद्धान्ताची सनसनाटी कादंबरी म्हणून टर उडविली. शेवाळ ही बंदिवान कन्या आणि बुरशी हा तिचा जुलमी धनी, असे चित्र त्यांनी रंगविले. श्वेंडेनर यांची गुलामांची उपमा त्यांच्यावरच उलटली ती अशी.

चेष्टेने सिद्धान्त खोटा ठरत नाही, तसा आग्रहाने खराही ठरत नाही. त्याला प्रयोग लागतो. शैवाकात खरोखर दोन जीव असतील, तर ते दोन वेगवेगळे आणून एकत्र ठेवताच शैवाक तयार झाले पाहिजे. हे काम श्वेंडेनर यांच्या हातून नव्हे, तर इतरांच्या हातून पुरे झाले. १८७१ मध्ये माक्स रेस यांनी एका शैवाकाची बीजुके नॉस्टॉकवर पेरली आणि बीजुकांतून निघालेले तंतू त्या शेवाळात शिरताना पाहिले. १८७७ मध्ये एर्न्स्ट श्टाल यांनी त्यापुढचा पल्ला गाठला. त्यांनी निवडलेले शैवाक मोठे हुशार निघाले. ते आपली बीजुके उडविताना त्यांच्याबरोबर शेवाळाच्या पेशीही उडविते; जणू लेकाला घराबाहेर धाडताना बरोबर शिदोरी बांधून द्यावी. श्टाल यांनी ही बीजुके आणि पेशी घेऊन त्यांपासून नवे, फळाला आलेले शैवाक वाढवून दाखविले. शंकेला जागा फार थोडी उरली. पुढच्याच वर्षी द बारी यांनी दोन भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला सिंबायोसिस हे नाव रूढ केले. आपण त्याला सहजीवन म्हणतो. मालक आणि गुलाम यांच्यापेक्षा हा शब्द सौम्य आहे. शेवाळ सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा भाग बुरशीला मिळतो. बुरशी शेवाळाला आडोसा देते, कडक उन्हापासून झाकते व ओलावा धरून ठेवते. या व्यवहारात फायदा कोणाचा अधिक, यावर विद्वान अजून एकमेकांशी भांडतात.

श्वेंडेनर स्वतः या भांडणात फार काळ अडकून पडले नाहीत. त्यांनी दुसरे कोडे हाती घेतले. बांबू एवढा उंच आणि बारीक असून वादळात मोडत कसा नाही? ज्वारीचे ताट एवढे जड कणीस कसे पेलते? १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, खोडातील चिवट धाग्यांच्या जुड्या नेमक्या बाहेरच्या कडेला असतात. पूल बांधणारा अभियंता तुळईतील लोखंड जेथे ताण सर्वांत अधिक तेथेच घालतो. वनस्पतीही तेच करते. वनस्पतिशास्त्राच्या मंडळींना अभियंत्यांची गणिते शिकावयास लावणारा हा ग्रंथ होता. पुढे ते काही काळ ट्यूबिंगेनला आणि १८७८ पासून बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले आणि नामवंत शिष्य तयार केले. १९१० साली त्यांच्या जागी आलेले गोटलीब हाबरलांट हे त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते. २७ मे १९१९ रोजी, नव्वद वर्षे पुरी करून, श्वेंडेनर बर्लिन येथे निवर्तले.

तोवर मेंडेलचे वाटाणे अंधारातून बाहेर आले होते, पण आनुवंशिक गुण ज्या द्रव्यात साठविलेले असतात, ते डीएनए कसे वाचावे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते जमू लागल्यावर श्वेंडेनर यांनी काचेतून पाहिलेल्या गोष्टीची खोली ध्यानात आली. शैवाकाला एक वंश नाही. त्याला दोन वंश आहेत. बीजुकात असतात ती केवळ बुरशीची जनुके. शेवाळाची जनुके शेवाळापाशी राहतात आणि शेवाळ आपल्या वाटेने वाढते. म्हणून आज शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव हे नियमाने त्यातील बुरशीचेच नाव समजले जाते आणि शेवाळाला त्याचे निराळे नाव असते. बिचाऱ्या न्युलांडर यांना हे मुळीच रुचले नसते!

१९९१ साली याहून चमत्कारिक गोष्ट उघड झाली. रुंद, हिरव्या पानांसारखे एक शैवाक आणि झुडपासारखे बारीक फांद्यांचे दुसरे, अशी दोन निराळी शैवाके मानली जात. दोन्हींतील बुरशीचे डीएनए ताडून पाहता ती एकच बुरशी असल्याचे दिसून आले. हिरव्या शेवाळाशी गाठ पडली की ती एक रूप घेते, आणि निळसर हिरव्या जीवाशी गाठ पडली की दुसरे. (या निळसर हिरव्या जीवांना श्वेंडेनर यांच्या काळी शेवाळ म्हणत, आता त्यांची गणना जीवाणूंत होते.) जनुके तीच, सोबत निराळी, आणि रूपही निराळे.

२०१६ साली तर श्वेंडेनर यांच्या हिशेबातही भर पडली. उत्तर अमेरिकेत झाडांवरून केसांसारखी लोंबणारी दोन शैवाके आहेत. एक तपकिरी असून तेथील आदिवासी ते शिजवून खात आले आहेत. दुसरे पिवळट आणि विषारी. दोन्हींत बुरशी तीच आणि शेवाळही तेच. मग विष कोठून आले, हे शोधताना त्यांच्या सालीत यीस्टच्या जातीची एक तिसरीच बुरशी आढळली आणि विषारी शैवाकात तिचे प्रमाण अधिक भरले. इतरही अनेक शैवाकांत तिचे सोबती सापडले. काहींत सापडले नाहीत. ती तेथे नेमके काय करते, यावर अद्याप संशोधन चालू आहे. ज्याला सारे जग एक समजत होते, ते श्वेंडेनर यांनी दोन म्हणून दाखविले. आता कोठे कोठे तीन मोजावे लागतात.

काही शैवाके आपल्या अंगावरून पिठासारखी भुकटी झाडतात. तिच्या कणाकणात तंतू आणि शेवाळ दोन्ही असतात, त्यामुळे वाऱ्याने ती जेथे पडेल तेथे संसार सुरू होऊ शकतो. पण जे बीजुक एकटेच निघते, त्याचे तसे नाही. ते एखाद्या कातळावर उतरते, पावसाचा थेंब मिळताच त्यातून एक रंगहीन तंतू बाहेर येतो आणि आजूबाजूला चाचपू लागतो. जवळपास योग्य जातीची एखादी हिरवी पेशी असली, तर तो तिच्याभोवती वेढे घालतो आणि कातळावर एक राखी ठिपका दिसू लागतो. ती नसली, तर थोड्याच दिवसांत तो तंतू वाळून जातो.